दुपारी बारीक होणारी धार: माझ्या पहिल्या संशोधनाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले, तेथे सोडियमचा एकच दिवा होता आणि न्यूटनच्या वलयांचा (प्रकाशलहरींमुळे भिंगाखाली दिसणाऱ्या कड्यांचा) प्रयोग आम्ही आठ-आठ जणींच्या गटाने करीत असू. एकीने वाचन घ्यायचे आणि बाकीच्यांनी ते उतरवून घ्यायचे, अशी रीत होती. पदवीच्या विद्यार्थ्यालाही संशोधन करता येते, हे पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर सरांनी सांगितले तेव्हाच माझ्या कानावर आले. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. अर्जासोबत शिक्षकांचे शिफारसपत्र आणि आपल्याला काय करायचे आहे याचे छोटे टिपण द्यावे लागते.

त्या टिपणात मी ताऱ्यांची आवड, कृष्णविवरांचे कुतूहल आणि देशसेवेची इच्छा असे सगळे लिहिले. निवड झाली नाही. सरांनी टिपण पुन्हा वाचून एवढेच विचारले, "यात तू स्वतः काय पाहिलेस, ते कुठे आहे?" या प्रश्नाने मला जेवढे शिकवले, तेवढे त्या वर्षीच्या कोणत्याही पेपरने शिकवले नाही, असे मी आजही मानते.

आमच्या शेतात सौर कृषिपंप आहे. त्या मे महिन्यात बाबा म्हणाले, "ऊन एवढं कडक, तरी दुपारी पाण्याची धार बारीक काऊन होते?" मी सरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही, महाविद्यालयातील ३६ सेलचे छोटे पॅनेल आणि मल्टिमीटर सुटीपुरते मला दिले. पहिले चार दिवस वाया गेले, कारण तापमापक मी पॅनेलवर उन्हातच ठेवत होते आणि तो स्वतःच तापत होता. तो पॅनेलच्या मागे चिकटवून वर कापूस लावल्यावर वाचने स्थिर झाली. सकाळी पॅनेल ३० अंश सेल्सिअसला असताना खुल्या परिपथाचा, म्हणजे पॅनेलला काहीही न जोडता मोजलेला, विद्युतदाब २१.२ व्होल्ट येई. दुपारी पॅनेल ६५ अंशांवर गेले की तो १८.४ पर्यंत उतरे. म्हणजे दर अंशाला ८० मिलीव्होल्ट, आणि ३६ ने भागले की एका सेलमागे सुमारे २.२ मिलीव्होल्ट. सिलिकॉनच्या सेलसाठी पुस्तकात साधारण हीच किंमत आहे, हे नंतर कळले. तापमान वाढले की सेलमधील संपृक्त प्रवाह (सेलच्या आतल्या आत होणारी विजेची गळती) झपाट्याने वाढतो आणि त्यामुळे दाब घटतो; दाब घटला की पंपाला मिळणारी वीजही कमी होते.

सरांची शंका मात्र रास्त होती. सकाळचा आणि दुपारचा प्रकाश सारखा नसतो. मग हा फरक उष्णतेचाच, हे कशावरून? दोन दिवस विचार करून मी भर दुपारी पॅनेलवर विहिरीचे पाणी ओतले. ऊन तेच होते, तापमान ४५ अंशांवर आले आणि दाब वीस व्होल्टपर्यंत चढला. त्या क्षणी झालेला आनंद मला शब्दांत सांगता येत नाही. धार बारीक होण्यामागे विहिरीची पातळी दुपारपर्यंत खाली जाणे हेही कारण होते. दोन्हींचा वाटा मला वेगळा करता आला नाही, आणि तसे मी वहीत लिहिले.

वाचने घेताना गावातील मुले भोवती जमत. सूर्य रोज बारा वाजता बरोबर डोक्यावर येतो, असा त्यांचा ठाम समज होता. आमचे गाव २०.३ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ते वर्षातून दोनच दिवस घडते: २२ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात, तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. २२ मे रोजी ग्रामपंचायतीच्या अंगणात आम्ही ओळंब्याने सरळ करून एक पाइप उभा केला. बारा वाजता सावली थोडी उरली होती. ती सव्वाबाराच्या सुमारास नाहीशी झाली. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आम्ही त्याच्या पश्चिमेस आहोत, हे त्या पंधरा मिनिटांवरून मुलांना समजावता आले.

पुढच्या अर्जात मी फक्त पॅनेल, पाणी आणि अनुत्तरित राहिलेला प्रश्न लिहिला. निवड झाली. धामणगावहून गाडीत बसवताना आई रडली. पण मला बंगळुरूला पाठवण्याबाबत घरात कोणी 'नाही' म्हटले नाही, याचे ऋण मी विसरणार नाही. तेथील पहिले तीन आठवडे केवळ प्लॅटिनमच्या रोधक तापमापकाचे (विद्युतरोधावरून तापमान सांगणाऱ्या उपकरणाचे) अंशांकन करण्यात, म्हणजे त्याची वाचने प्रमाण तापमानांशी ताडून पाहण्यात गेले. त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला जेमतेम ०.३९ ओहमने वाढतो, त्यामुळे जोडतारांचा रोधही मोजमाप बिघडवतो. म्हणून प्रवाहासाठी दोन आणि दाबासाठी दोन अशा चार तारा वापरतात. हे किचकट काम मला मनापासून आवडले, आणि आपण प्रायोगिक भौतिकशास्त्रच करावे हे तेथेच ठरले.

तिसऱ्या वर्षी एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा दिली. माझ्या मैत्रिणीने हवामान खात्यातील वैज्ञानिक सहाय्यक पदाची तयारी धरली, कारण त्याला भौतिकशास्त्रासह पदवी चालते, दुसरीला एम.एस्सी.नंतर वैद्यकीय भौतिकशास्त्राकडे वळून कर्करोग रुग्णालयात किरणांची मात्रा ठरवण्याचे काम करायचे आहे. शिक्षकी पेशाखेरीज या वाटा आहेत, हे बारावीतच कळायला हवे होते.

मी सध्या एम.एस्सी. करते आणि सुटीत जुन्या महाविद्यालयात जाते. पहिल्या वर्षाच्या एका मुलीला घरचा वाळ्याचा कूलर पावसाळ्यात निरुपयोगी का होतो, हे मोजायचे आहे. तिने एका तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले आहे, दुसरा कोरडा ठेवला आहे, म्हणजे दोन्हींतील फरकावरून हवेतील ओलावा कळेल; मे महिन्याची वाचने पूर्ण झाली असून आता ती पहिल्या पावसाची वाट पाहत आहे.