तक्रारही प्रार्थनाच
आज वसईत आईसोबत डायलिसिसला बसले होते. चार तास एका हातात सुया, दुसऱ्या हातात रोझरीची माळ. शेजारच्या खाटेवरच्या ताईंनी विचारलं, "तुम्हाला देवाचा राग नाही येत?" आई म्हणाली, "येतो ना. मग त्यालाच सांगते."

तेव्हापासून बायबलमधला ईयोबच डोक्यात आहे, निर्दोष असूनही ज्याच्यावर संकटं आणि आजार कोसळले तो. त्याच्या धीराचं कौतुक बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रातही आहे, पण ईयोबाच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, पुढे देवाशी भांडतोसुद्धा. आणि शेवटी देवाचा कोप होतो तो त्याच्या मित्रांवर, त्याला दोषी ठरवून शहाणपण शिकवणाऱ्यांवर! येशूचा प्रेषित पौल, त्यानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला, माझी कृपा तुला पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. त्याचा विश्वास काय कमी होता?

म्हणून कळकळीने सांगते, आजारी माणसाला "तुझी प्रार्थना कमी पडतेय" असं कृपा करून म्हणू नका. आईला हे ऐकावं लागलंय. ती रात्रभर रडली होती.

परवा पुन्हा जायचंय. कोणाला तासभर येऊन बसता आलं तर मेसेज करा, तिला गप्पांना माणूस हवं असतं.