आरसा कोटिंग चेंबर अपडेट: लीक डिटेक्टर जोडायच्या आधीची साफसफाई

मंडळी, आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढवायचा व्हॅक्यूम चेंबर पंप होतोय, पण प्रेशर मायनस चारलाच (म्हणजे दहाचा मायनस चारवा घात) अडकतंय, ॲल्युमिनियम चांगलं बसायला मायनस पाच तरी हवं. कुठेतरी लीक असावा, म्हणून सेकंडहँड घेतलेला हीलियम लीक डिटेक्टर (बाहेरून हीलियम फवारायचा, तो आत शिरला की हा दाखवतो) शेवटी बाहेर काढला. पण टेस्टिंगपेक्षा जास्त वेळ साफसफाईतच गेला आणि माझं ठाम मत आहे की तो जायलाच हवा.

मुख्य भीती सिलिकॉनची. आपल्या डिफ्यूजन पंपात (तेलाच्या वाफेच्या झोताने हवा खेचणारा पंप) सिलिकॉन ऑइल आहे, त्याची वाफ थोडी का होईना चेंबरच्या भिंतीवर बसतेच. ती डिटेक्टरच्या आयन सोर्सपर्यंत (जिथे गॅसच्या रेणूंना चार्ज देतात) पोचली की इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने तिचे तुकडे होतात आणि प्लेट्सवर सिलिकाचा थर चढतो, तो इन्सुलेटर, त्यावर चार्ज साठतो आणि सेन्सिटिव्हिटी हळूहळू उतरत जाते. हा थर साध्या सॉल्व्हंटने जात नाही, सोर्स उघडून घासावा लागतो. माझा डिटेक्टर काउंटरफ्लो आहे, म्हणजे चेंबरमधला गॅस टर्बो पंपाच्या (वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा पंप) मागच्या बाजूला सोडला जातो, हीलियम हलका म्हणून टर्बोच्या उलट दिशेने वर स्पेक्ट्रोमीटरपर्यंत (हीलियम ओळखून मोजणारा भाग) चढतो आणि तेल, पाणी असले जड रेणू मागेच राहतात. खूप छान सोय आहे, पण टर्बो फुल स्पीडला असेपर्यंतच! जुन्या डायरेक्ट फ्लो मशीनना (गॅस थेट स्पेक्ट्रोमीटरकडे नेणाऱ्या) यासाठी लिक्विड नायट्रोजनचा ट्रॅप लागायचा.

तर केलं काय, बॅफल (पंपाच्या तेलाची वाफ अडवणारा पडदा) आणि भिंती आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने, नायट्राइल ग्लोव्हज घालून पुसल्या, व्हिटॉनच्या (एक प्रकारचं रबर) ओ-रिंगा काढून कोरड्याच पुसल्या (ॲसिटोन तिथे अजिबात नको, व्हिटॉन फुगतं) आणि ग्रीस कुठेच लावलं नाही. मग हीटिंग टेप गुंडाळून चेंबर रात्रभर कोमट ठेवला. डिटेक्टरच्या नळीत १३एक्स झिओलाइटचा (वाफ शोषणारे सच्छिद्र दाणे) ट्रॅप टाकला, आधी भाजून, कारण पावसाळ्यात तो हवेतलंच पाणी पिऊन बसतो. व्हेंट करायलाही (चेंबर उघडण्याआधी आत गॅस सोडायला) कोरडा नायट्रोजनच वापरतोय.

अजून एक, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचा मोह होतो ना, तो हीलियम टेस्टच्या आधी टाळाच. बारीक लीकमध्ये पाणी अडकलं की लीक तात्पुरता बंद होतो, रीडिंग स्वच्छ येतं आणि वाळल्यावर लीक परत हजर.

आणि हीलियम स्वतःच घाण करतो हे पटकन लक्षात येत नाही. हवेत तो मुळात फक्त ५ पीपीएम (दहा लाखात पाच भाग), पण खोलीत भसाभसा सोडला की बॅकग्राउंड (लीक नसतानाही दिसणारं रीडिंग) चढतं, ओ-रिंगा तो शोषतात आणि मग किती तरी वेळ सोडत राहतात. म्हणून नळीचं टोक पाण्यात धरून एकेक बुडबुडा येईल इतकाच फ्लो ठेवतो, स्प्रे वरून खाली, रोटरी पंपाचा (मागचा, तेलावर चालणारा पंप) एक्झॉस्ट खिडकीबाहेर. टेस्ट संपली की रोटरीचा गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) अर्धा तास चालू, तेलात विरघळलेला हीलियम निघून जातो. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कॅलिब्रेटेड लीकचं (माहीत असलेल्या मापाची मुद्दाम केलेली गळती) आणि बॅकग्राउंडचं रीडिंग वहीत लिहितो, माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा आकडा हाच.

निकाल: पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर किती चढतं ते बघितलं तर रेषा सरळ चढली, वाकली नाही, म्हणजे आउटगॅसिंग (भिंतींतून सुटणारा गॅस) नाही, खरा लीक. स्प्रेला फिलामेंट फीडथ्रूजवळ (फिलामेंटची तार भिंतीतून आत जाते ती जागा) डिटेक्टरच्या रीडिंगची लगेच मायनस दोनपर्यंत उडी. तिथली ओ-रिंग बदलली, आता चेंबर मायनस पाचमध्ये शिरलाय आणि डिटेक्टरचं बॅकग्राउंड होतं तिथेच आहे. व्ह्यूपोर्टजवळ (आत बघायची काचेची खिडकी) एक बारीक सिग्नल अजून येतोय, पण तो उशिरा चढतो, त्यामुळे लीकपेक्षा व्हिटॉनमधून झिरपणारा हीलियम वाटतोय. पुढच्या वेळी तिथे पिशवी गुंडाळून, बाकीचे जॉइंट झाकून परत बघणार.