ड्रमची पातळी आधी उलट्या दिशेनं का जाते?

सांगली-साताऱ्याकडची मेकॅनिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशनची मुलं अणुऊर्जेकडे वळतात तेव्हा रिॲक्टर फिजिक्सची तयारी बरी असते. प्रोसेस कंट्रोल (दाब, पातळी, प्रवाह आपोआप सांभाळणं) म्हणजे मात्र लाप्लासची गणितं, असा समज पक्का झालेला असतो. राऊथचा तक्ता, बोडे प्लॉट सगळं येतं. पण वाफेची मागणी अचानक वाढली तर बॉयलर ड्रमची, म्हणजे पाणी आणि वाफ जिथे वेगळी होतात त्या टाकीची, पातळी आधी कुठे जाईल, असं विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘खाली’. अभ्यासक्रम इथूनच सुरू करावा, आणि त्यासाठी लांब जायला नको. गाळप हंगामात जवळच्या साखर कारखान्याचा बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणारा बॉयलर पुरेसा आहे.

टर्बाइनवर लोड चढला की वाफ जास्त ओढली जाते आणि ड्रममधला दाब पडतो. पाण्यातले बुडबुडे फुगतात, शिवाय थोडं पाणी जागच्या जागी वाफ होतं. त्यामुळे पातळी वर चढते. याला स्वेल म्हणतात. ड्रममधलं पाण्याचं वस्तुमान तेव्हा घटत असतं. फक्त पातळी बघणारा कंट्रोलर अशा वेळी फीड व्हॉल्व्ह (ड्रममध्ये पाणी सोडणारा) मिटू लागतो, आणि बुडबुडे स्थिरावल्यावर पातळी धाडकन खाली येते. म्हणूनच थ्री-एलिमेंट कंट्रोल. वाफेचा प्रवाह फीडफॉरवर्ड म्हणून, म्हणजे पातळी बिघडायच्या आधीच मिळणारी सूचना म्हणून, घ्यायचा, फीडवॉटरच्या प्रवाहाचा लूप (मोजून लगेच दुरुस्त करणारी साखळी) आत वेगानं चालवायचा आणि पातळीकडून फक्त सावकाश दुरुस्ती घ्यायची. कंट्रोल रूममधून या तिन्हींचे ट्रेंड मागून घ्यावेत. पातळी आणि वस्तुमान जिथे एकमेकांच्या उलट जातात त्या जागा मुलांना पेन्सिलीनं दाखवायला लावाव्यात. एका तासाच्या ट्रेंडवर जे कळतं ते चार व्याख्यानांत कळत नाही.

जड पाण्याच्या रिॲक्टरच्या स्टीम जनरेटरमध्ये (रिॲक्टरच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या भांड्यात) हीच गोष्ट घडते, आणि कमी पॉवरला ती जास्त त्रास देते. प्रवाह मोजायच्या ओरिफिसवरचा (नळीतल्या भोकाच्या चकतीवरचा) दाबफरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रवाह 10 टक्के असेल तर दाबफरक पूर्ण प्रवाहाच्या वेळच्या 1 टक्काच, म्हणजे सिग्नल गोंगाटात हरवतो. मग एकट्या पातळीवर लूप चालवावा लागतो. त्यात तेव्हा फीडवॉटरही थंड असतं. जास्त पाणी सोडलं की बुडबुडे मिटून पातळी आधी खालीच जाते. पातळी म्हणजे पाण्याचा साठा नव्हे, हे अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघातात 28 मार्च 1979 रोजी दिसलं. रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकून पाणी बाहेर जात होतं, तरी प्रेशरायझरची (रिॲक्टरच्या पाण्याचा दाब सांभाळणाऱ्या टाकीची) पातळी वरच दिसत होती, आणि ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. हा प्रसंग सुरक्षिततेच्या पेपरात शिकवतात. तो कंट्रोलच्या पेपरातही हवाच.

यानंतर न्यूट्रॉन कायनेटिक्स, म्हणजे रिॲक्टरची पॉवर काळानुसार कशी बदलते ते. इथे काळाचं माप आधी ठसवावं. जनरेशन टाइम (न्यूट्रॉनच्या एका पिढीचा वेळ) 0.0001 सेकंद आणि रिॲक्टिव्हिटी (साखळी प्रक्रिया समतोलापासून किती ढळली त्याचं माप) 0.001 धरा. विलंबित (विखंडनानंतर उशिरा सुटणारे) न्यूट्रॉन नसते तर पीरियड, म्हणजे पॉवर सुमारे 2.72 पट व्हायला लागणारा वेळ, 0.1 सेकंद आला असता, म्हणजे एका सेकंदात पॉवर सुमारे 22,000 पट. युरेनियम-235 चा विलंबित वाटा 0.0065 आणि लॅम्डा (त्यांच्या जनकांचा क्षयदर) 0.08 प्रति सेकंद घेतला, तर ते सगळे एकाच गटात धरणाऱ्या मॉडेलनं पॉवर आधी झटकन सुमारे 1.18 पट होते आणि मग पीरियड 70 सेकंदांच्या आसपास येतो. सहा गट घेतले की तो थोडा कमी भरतो.

हे संगणकावर सोडवताना वर्गातली निम्मी मुलं साध्या ऑयलर पद्धतीत (छोट्या पायऱ्यांनी पुढचं मूल्य काढत जाण्याच्या) 0.1 सेकंदाची पायरी घेतात आणि पॉवर ऋण-धन उड्या मारू लागते. दोष रिॲक्टरचा नाही. समीकरणाचं जलद मूळ (सर्वांत वेगानं विरणारा भाग) उणे 55 प्रति सेकंद आहे, त्यामुळे पायरी 0.036 सेकंदाहून लहान हवी. साय्‌लॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टिफ’ (जलद आणि संथ बदल एकत्र असलेल्या समीकरणांचा) पर्याय निवडावा. न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन मात्र या मॉडेलात घालू नये, त्याचा बदल तासांचा आहे. आयोडीन-135 चं अर्धायुष्य 6.6 तास आणि झेनॉन-135 चं 9.1 तास, त्याचं वेगळं मॉडेल करावं.

प्रयोगासाठी 15 सेंटिमीटर व्यासाची, 70 सेंटिमीटर उंचीची पारदर्शक टाकी घ्या. आत मिनिटाला 5 लिटर सोडा आणि खालचा व्हॉल्व्ह असा बसवा की पातळी 30 सेंटिमीटरवर थांबेल. पातळी टाकीच्या तळापासून नव्हे, व्हॉल्व्हच्या मध्यापासून मोजा. इथे चुकलं की पुढची सगळी आकडेमोड वाकडी येते. टाइम कॉन्स्टंट (बदलाचा सुमारे 63 टक्के भाग पुरा व्हायला लागणारा वेळ) दोन मिनिटांच्या जरा वर निघतो. प्रवाह 5.5 केला तर रेषीय मॉडेल (वक्राऐवजी त्या बिंदूवरची सरळ रेषा धरणारं) 36 सांगतं आणि टाकी 36.3 च्या आसपास थांबते. प्रवाह 3 वर आणला तर मॉडेल 6 म्हणतं, टाकी 10.8 जवळ थांबते. रेषीयीकरण कुठपर्यंत चालतं हे मुलांना इथेच कळतं.

मग पीआय कंट्रोलर (आत्ताची चूक आणि साचलेली चूक दोन्ही बघणारा) ऑटोवर ठेवून आत येणारा हाताचा कॉक तीन मिनिटं बंद करा आणि पुन्हा उघडा. पातळी सेट पॉइंट ओलांडून बरीच वर जाईल. इंटिग्रल वाइंडअप, म्हणजे कॉक बंद असताना कंट्रोलरमध्ये साचत गेलेल्या चुकीचा परिणाम, डोळ्यांनी दिसतो. डेड टाइम (बदल केल्यापासून तो दिसू लागेपर्यंतचा वेळ) दाखवायला लांब नळी जोडून पातळी बघण्यात मात्र अर्थ नाही. भरलेल्या नळीत प्रवाहाचा बदल जवळजवळ लगेच पोचतो, तापमानाचा पोचत नाही. गरम पाणी सोडा आणि टोकाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा. अर्ध्या इंची सहा मीटर नळीत मिनिटाला 5 लिटरनं सुमारे 9 सेकंद जातात.

तोंडी परीक्षेला एकच प्रश्न ठेवावा: फीड व्हॉल्व्ह मॅन्युअलवर आहे, वाफेचा प्रवाह 10 टक्क्यांनी वाढला, पातळीचा आलेख हातानं काढा. आधी दिशा तपासावी, मग उतार. दिशा चुकली असेल तर पुढचे आकडे न बघता त्या विद्यार्थ्याला पुन्हा कारखान्याचा ट्रेंड समोर ठेवून बसवावं.