गादी भरली का? कूर्चेच्या ऑपरेशननंतरचा एमआरआय

गुडघ्याचा पेशंट टेबलावर चढता चढता हमखास सांगतो, "गादी घासलीय." ही गादी कधी मेनिस्कस (दोन हाडांमधली चकती) निघते, कधी हाडाच्या टोकावरची कूर्चा, म्हणजे कार्टिलेज. कूर्चेची दुरुस्ती करून आलेल्याच्या बाबतीत हा घोळ परवडत नाही. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय नी, प्लेन' असलं की मी ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड मागतो. मायक्रोफ्रॅक्चर (हाडाला बारीक भोकं पाडणं) केलंय, हाडासकट कूर्चेचे तुकडे बसवलेत, की पेशी वाढवून लावल्यात? कुठल्या कॉन्डाइलवर (हाडाच्या गोलसर टोकावर), केवढा खड्डा, आणि कधी? यातली तारीख सगळ्यात महत्त्वाची. तिसऱ्या महिन्यात भरलेली जागा शेजारच्या कूर्चेपेक्षा उजळ दिसतेच. दोन वर्षांनीही तशीच उजळ असेल तर मात्र रेडिओलॉजिस्टला थांबून बघावं लागतं.

टी-टू मॅपिंग, म्हणजे कूर्चेतलं पाणी आणि तंतूंची ठेवण आकड्यात पकडणं, करायचं असेल तर पेशंटला लगेच आत घेत नाही. डोंबिवलीहून उभ्याने आलेला, दादरचा पूल चढून उतरलेला माणूस असतो. वजनाने कूर्चा दबते, तिच्यातलं पाणी सरकतं आणि टी-टूचा आकडा खाली येतो. अर्धा तास बसवून ठेवायचं. रिसेप्शनवाले स्लॉटसाठी कुरकुरतात, ती ऐकून घ्यायची. मॅपिंग मी शेवटी लावतो, म्हणजे टेबलावरची वीसेक मिनिटंही विश्रांतीत धरली जातात.

पाय आधी आत, उताणं झोपवून, गुडघा १० ते १५ अंश वाकलेला. वाटीचं खालचं टोक कॉइलच्या (गुडघ्याभोवती बसणाऱ्या, सिग्नल पकडणाऱ्या साच्याच्या) मध्याशी आणायचं आणि दोन्ही बाजूंना पॅड ठासायचे. माणूस गुडघा हलवत नाही, बोटं हलवतो, आणि बोटांबरोबर गुडघाही सरकतो. "काका, बोटंसुद्धा नाही हां." "नाही हो हलवत." पुढच्याच सिक्वेन्सला (स्कॅनच्या फेरीला) कूर्चेची कडा दुहेरी!

मुख्य भार फॅट-सॅट पीडीवर (चरबीचा सिग्नल दाबलेल्या प्रोटॉन-डेन्सिटी चित्रांवर), तिन्ही दिशांनी, स्लाइस ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. १५ सेंटिमीटरचं फील्ड (चित्रात येणारा भाग) आणि ३८४ चा मॅट्रिक्स (एका बाजूचे पिक्सेल) घेतला की एक पिक्सेल जवळजवळ ०.४ मिलिमीटरचा होतो. बहुतेक ठिकाणी कूर्चाच २ ते ४ मिलिमीटर, म्हणजे जाडीत पाच ते दहा पिक्सेल. वेळ वाचवायला मॅट्रिक्स २५६ वर आणला की भेग आहे की नाही हे कुणी सांगू शकत नाही.

टीई, म्हणजे सिग्नल टिपण्याआधी थांबायचा वेळ, ४० मिलिसेकंदांच्या आसपास. तो फार कमी ठेवला तर कॉन्डाइलच्या वळणावर, जिथे कोलेजनचे तंतू मुख्य चुंबकक्षेत्राशी ५५ अंश करतात, तिथे धडधाकट कूर्चाही उजळते. रिपोर्टमध्ये तो 'सिग्नल चेंज' म्हणून उतरतो आणि पेशंटची झोप उडते. हा कोन टी-टूच्या आकड्यांनाही सोडत नाही, म्हणून नव्या कूर्चेची तुलना तशाच वळणावरच्या चांगल्या कूर्चेशी करावी.

सॅजिटलमध्ये (बाजूने दिसणाऱ्या कापांत) फेजची दिशा, जिच्यात हालचालीचे ठसे उमटतात, पुढून मागे ठेवली तर गुडघ्यामागच्या धमनीचे ठोके बरोबर कॉन्डाइलवर छापले जातात. ती वर-खाली फिरवायची आणि ओव्हरसॅम्पलिंग (चौकटीबाहेरचाही भाग मोजणं) लावायचं, नाहीतर मांडी-पोटरी गुंडाळून चित्रात येते. वेळ वाढतो, वाढू द्यायचा. फॅट-सॅट नसलेल्या सिक्वेन्सला बँडविड्थवर (एका पिक्सेलमागे किती हर्ट्झ) नजर हवी. १.५ टेस्लावर चरबी आणि पाण्यात सुमारे २२० हर्ट्झचा फरक असतो. पिक्सेलमागे ११० ठेवले तर चरबी दोन पिक्सेल सरकते, आणि कूर्चेखालची हाडाची पाटी एकीकडे जाड, दुसरीकडे गायब दिसते.

ऑपरेशनच्या हत्यारांचा बारीक धातूचा चुरा राहिलेला असतो. एक्स-रेत तो बहुधा दिसतही नाही, पण ग्रेडियंट एकोवर (धातूला फार हळवा सिक्वेन्स) त्याचा काळा डाग पडतो आणि नेमकी दुरुस्तीची जागा झाकतो. थ्रीडी डेस (ग्रेडियंट एकोचाच एक प्रकार) कितीही देखणा असला तरी अशा वेळी धातूने कमी बिघडणारा टर्बो स्पिन एको, बँडविड्थ वाढवून, आणि फॅट-सॅटऐवजी स्टर (चरबी दाबायची दुसरी पद्धत).

रिपोर्टमध्ये मोकार्ट स्कोअर (दुरुस्त कूर्चेला एमआरआयवरून दिलेले गुण) असेल तर जुना की २.० हे लिहून घ्या. दोन्ही १०० पैकीच असतात, पण निकष वेगळे, त्यामुळे गेल्या वर्षीच्या ७० शेजारी यंदाचे ६० ठेवून काही कळत नाही. आकड्यापेक्षा मी दोन गोष्टी आधी बघतो. नव्या कूर्चेच्या कडेला किंवा खाली पाण्यासारखी पांढरी रेघ आहे का? कडेला असेल तर सांधा जुळलेला नाही, खाली असेल तर थर सुटत असू शकतो. आणि हाडातली सूज. पहिल्या वर्षात ती चालते, पण ओसरून पुन्हा वाढली तर सर्जनला फोन.

फिल्मवर यातलं काहीच मोजता येत नाही, पावसाळ्यात तर ती चिकटूनही बसते. सीडी मागा, आणि पुढच्या वेळी दोनशे रुपये वाचवायला सेंटर बदलू नका. सीडीच्या पाकिटावर मी मार्करने लिहून देतो: किती टेस्ला, कुठली कॉइल, टीई, स्लाइसची जाडी, स्कॅनआधी किती वेळ बसवलं होतं.