लीपनंतरची वर्षं

घरी बसून मालिका बघणाऱ्याला लीप म्हणजे पडद्यावरची 'बारा वर्षांनंतर' ही पाटी. मालिकेत काम करणाऱ्या मुलाचं काम मात्र त्या पाटीच्या आधीच संपलेलं असतं. माझं संपलं तेव्हा मी सातवीत होते. आज तिशी ओलांडली आहे आणि मी पुन्हा मालिकांमध्येच काम करते. या दोन टोकांच्या मध्ये काय काय करावं लागलं ते लिहिते आहे, कारण ज्यांची मुलं आता मालिकांत आहेत असे आईबाबा मला हेच विचारतात.

सुरुवात ठाण्यातल्या एका उन्हाळी नाट्यशिबिरातून झाली. सुधाताई करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर ही बालनाट्य संस्था सुरू केली, रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी नाटकं लिहिली आणि बसवली. त्या पिढीमुळेच आमच्या भागातल्या मध्यमवर्गीय घरांत मुलांना नाटकाला घालणं ही नेहमीची गोष्ट झाली होती. शिबिराच्या शेवटी गडकरी रंगायतनला प्रयोग झाला. तो बघायला आलेल्या कुणीतरी आईकडून आमचा नंबर घेतला आणि महिन्याभरात मी मुंबईतल्या मढच्या एका बंगल्यात मालिकेच्या शूटिंगसाठी दोन वेण्या घालून उभी होते.

सेटवर मी पुष्कळ शिकले आणि ते सगळं खरं शिक्षण होतं. जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीकडे न बघता नेमकं तिथे येऊन थांबायचं. लाइट चेहऱ्यावर कधी येतो ते गालावरच्या उष्णतेवरून ओळखायचं. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळे दिसतील असा सीन लांबून घेताना, पोळीचा घास ज्या शब्दावर तोंडात घातला, त्याच शब्दावर तो क्लोजला, म्हणजे चेहरा जवळून घेतानाही, घालायचा. सीन ऐन वेळी यायचे, म्हणून असिस्टंट दादा वाक्य म्हणायचा आणि मी ऐकून पाठ करायचे. स्वतःच्या हातात कागद घेऊन, आपण हे वाक्य का म्हणतो आहोत असा विचार मी एकदाही केला नव्हता. मला कुणी तसं विचारलंही नव्हतं.

लीपची बातमी आम्हाला दिवसाचं शूटिंग संपल्यावर मेकअप रूमच्या दारात उभ्याउभ्या मिळाली. माझ्या जागी येणारी ताई माझं काम चालू असतानाच सेटवर येऊन बसली. ती मनापासून काम करणारी होती. मी चालताना वेणी पुढे कशी घेते, चिडल्यावर नाक कसं ओढते, हे ती टिपून घेत होती. मला म्हणाली, "तू 'आजी गं' म्हणतेस ना, ते परत एकदा म्हण." मी म्हणून दाखवलं. पुढच्या महिन्यात टीव्हीवर तेच 'आजी गं' तिच्या तोंडून ऐकलं आणि मी उठून आतल्या खोलीत गेले. घरच्यांनी ती मालिका बघणं सोडलं.

यात कुणाचा दोष आहे असं मी मानत नाही. गोष्ट पुढे न्यायची तर मूल मोठं करावंच लागतं. २०१२ मध्ये 'उंच माझा झोका'मधली छोटी रमा तेजश्री वालावलकरने इतकी सुंदर उभी केली होती, तरी लीपनंतर स्पृहा जोशी आली, आणि कथेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. दुसरा मार्ग, म्हणजे त्याच मुलाने लवकर मोठ्यांच्या भूमिका करणं, मला जास्त अवघड वाटतो. 'बालिका वधू' या हिंदी मालिकेतली आनंदी २०१० मध्ये मोठी झाली आणि अविका गोरच्या जागी प्रत्युषा बॅनर्जी आली. २०११ मध्ये अविका दुसऱ्या मालिकेत मोठ्या वयाच्या मुलीची भूमिका करू लागली, तेव्हा ती तेरा-चौदाची होती. मलाही पंधराव्या वर्षी साडी नेसून सुनेच्या भूमिकेची लुक टेस्ट द्यायला बोलावलं होतं. आईने फोनवरच नको म्हणून सांगितलं. तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते, आज तिचे आभार मानते.

तेरा ते अठरा या वयात मालिकांना आमचा फारसा उपयोग नसतो. लहान म्हणून घ्यावं तर उंची वाढलेली, मोठी म्हणून घ्यावं तर चेहरा कोवळा. त्या काळात मी दहावी-बारावी केली आणि कॉलेजसाठी पुण्याला गेले, तेही पुरुषोत्तम करंडकासाठी. १९६३ पासून चालू असलेली ही एकांकिका स्पर्धा म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांचा श्वास आहे. मला वाटलं होतं, आपण टीव्हीवर काम केलेलं आहे म्हटल्यावर पहिल्याच वर्षी भूमिका मिळेल. मला प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळायला दिलं.

माझ्यात नेमकं काय अडकलंय ते आमच्या दिग्दर्शक दादाने वाचनाला बसल्यावर ओळखलं. तो म्हणाला, "प्रत्येक वाक्य संपलं की तू थांबतेस. कुणाची वाट बघतेस?" मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, मी रिॲक्शन क्लोजची वाट बघत होते. मालिकेत एक जण बोलतो, मग कॅमेरा समोरच्याच्या चेहऱ्यावर जातो, मग तिसऱ्याच्या, आणि तेवढा वेळ बोलणारा गप्प राहतो. अंगात भिनलेली ती रिकामी जागा रंगमंचावर भोकासारखी दिसत होती. शिवाय आवाज. कपड्याला लावायच्या छोट्या लेपल माइकची सवय लागलेला माझा आवाज भरत नाट्य मंदिराच्या मधल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नव्हता, आणि जोर लावला की तो आपोआप लहान मुलीचा व्हायचा, चढा आणि लाडिक. मान तिरकी करून बोलणं, ओठ मुडपणं, या सगळ्या गोष्टींना मला लहानपणी शाबासकी मिळालेली होती. त्या एकेक काढून टाकताना आपल्याकडे उरेल ते काय, अशी भीती वाटायची.

उपाय काही गुपित नव्हते. पहाटे खर्जाचा रियाज, मोठ्याने वाचन, आणि दुसऱ्याचं वाक्य खरोखर ऐकायचं. यातलं ऐकणं सगळ्यात कठीण गेलं. सहकलाकार बोलत असताना मी मनात माझं पुढचं वाक्य घोळवत बसायचे. दादाने माझ्या संहितेची पानंच काढून घेतली आणि फक्त दुसऱ्यांचे संवाद पाठ करायला लावले. शेवटच्या वर्षी मला एका म्हाताऱ्या मोलकरणीची भूमिका मिळाली. त्या प्रयोगाला मला कुणीही ओळखलं नाही, आणि इतका आनंद मला बालकलाकार म्हणून मिळालेल्या एकाही बक्षिसाने दिला नव्हता.

मुंबईला परत आल्यावर ऑडिशनची चक्रं सुरू झाली. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: आधी नाव, वय, उंची सांगून डावी-उजवी प्रोफाइल द्यायची, मग सीन. आवडलात तर पुन्हा बोलावतात, मग भूमिकेच्या वेशात कसे दिसता ते बघायची लुक टेस्ट, चाचणीचं चित्रीकरण म्हणजे मॉक शूट आणि शेवटी चॅनलची मंजुरी. या पूर्ण साखळीत कुठेही पैसे भरावे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन म्हणून, कार्ड म्हणून कुणी पैसे मागितले की तिथून निघायचं.

लोक मला ओळखत होते, हीच माझी अडचण होती. "अरे, तू ती ना!" असं म्हणून लोक प्रेमाने आत बोलवायचे, आणि मग त्याच प्रेमामुळे मला दुसऱ्या कशात बघू शकायचे नाहीत. कुणी जुना संवाद म्हणायला लावायचं. मी हळूहळू परिचयातून जुन्या मालिकेचं नाव काढलं आणि सोबत त्या मोलकरणीच्या भूमिकेच्या चित्रीकरणाचा एक सलग तुकडा पाठवायला लागले. कामं बारीक मिळाली: नर्स, बँकेतली क्लार्क, नायिकेची मैत्रीण. मालिकांचे पैसे बहुधा ९० दिवसांनी येतात, त्यामुळे डबिंग आणि मुलांच्या नाट्यवर्गांवर भाडं निघायचं. मग एका मालिकेत खाष्ट वहिनी मिळाली, ती लोकांना आवडली, गोष्टीत तिचा भाग वाढला, आणि तेव्हापासून काम सलग आहे.

आता माझ्या सेटवर लहान मुलं असतात, आणि त्यांच्यासाठी नियम आहेत याचं मला मनापासून समाधान वाटतं. आमच्या वेळी नऊ ते नऊच्या शिफ्टला मूलही नऊ ते नऊ असायचं. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ चे नियम आले. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, पालकांची संमती आणि हमीपत्र द्यायचं. ते हमीपत्र ६ महिनेच चालतं. दर ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा, शाळा बुडू द्यायची नाही, आणि मुलाच्या मनाविरुद्ध काही करून घ्यायचं नाही.

पालकांना मी सांगते, त्या जबाबदार माणसाचं नाव पहिल्याच दिवशी विचारा आणि परवानगीचा कागद बघायला मागा. मागितल्याने काम जाईल असं वाटतं, पण नीट चालवणारं युनिट तो लगेच दाखवतं. लीपचं ठरलं की मुलाला आधी आणि बसून सांगावं, हे करार करतानाच बोलून घ्या. करारावर सही तुमचीच असते, अज्ञान मुलाचा करार कायद्यात टिकत नाही, म्हणून बोलायचा हक्कही तुमचाच आहे.

आणि पैसा. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाच्या मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवेत, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. मानधनावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो, त्यासाठी मुलाचं स्वतःचं पॅन काढा. स्वतःच्या कलेवर मिळवलेलं उत्पन्न मुलाचंच धरलं जातं, त्याचं विवरणपत्र पालकाने भरायचं. त्या ठेवीवरचं व्याज मात्र आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि नंतर नोटीस आली की धावपळ होते. लहानपणी काढलेल्या पॅनवर फोटो आणि सही नसते. अठरा पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करून घ्या, आणि ठेव सोडवायला बँकेत मुलालाच घेऊन जा. सही त्यालाच करू द्या.