मुरूम लागेपर्यंत

फ्रान्समधल्या तुलूझ शहराच्या दक्षिणेला एका लहानशा गावात आमचे घर उभे राहत असून, गेले वर्षभर दर शनिवारी सकाळी आम्ही दोघे ते पाहायला जातो. बांधकामाची सुरुवात मात्र विटांनी नव्हे, मातीने झाली. इथली जमीन चिकण मातीची आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. 2003 सालच्या उष्णतेच्या लाटेनंतर अशा मातीवरच्या कितीतरी घरांच्या भिंतींना तडे गेले होते. परभणीच्या काळ्या जमिनीवर लहानाची मोठी झाल्यामुळे मला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या त्या मातीत, मुरूम लागेपर्यंत पाया खणल्याशिवाय आमच्याकडचे गवंडी पुढचे काम हातात घेत नसत.

इथे तीच खबरदारी कायद्यात उतरली आहे. 2020 पासून अशा भागातला भूखंड विकणाऱ्याला मातीच्या प्राथमिक तपासणीचा अहवाल द्यावा लागतो, आणि जिथे धोका जास्त तिथे नेहमीच्या पद्धतीने बांधताना पाया किमान 1.20 मीटर खोल घ्यावा लागतो. फरशी जमिनीला टेकू नये म्हणून आमच्या जोत्याखाली एक पोकळीही ठेवली आहे, म्हणजे माती फुगली तरी ती फरशी वर ढकलणार नाही.

त्याआधी परवान्याचे दिवस होते. अर्जावर निर्णय द्यायला नगरपालिकेला दोन महिने मिळतात. परवाना हाती आला की त्याचा फलक रस्त्यावरून वाचता येईल असा लावायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हरकत घेण्यासाठी आणखी दोन महिने थांबायचे. आम्हाला सपाट छपराचे आधुनिक घर हवे होते, पण गावाच्या नियमावलीत उतरते छप्पर आणि तांबूस कौले सक्तीची निघाली. आईला फोटो पाठवला, तर ती म्हणाली, "अगं, ही तर कोकणातली नळीची कौलं!" तिचे खरेच होते.

पैशांचा हिशेब मला सर्वांत पटला. घर बांधून देण्याच्या करारात 1990 च्या कायद्याने कमाल हप्ते ठरवून दिले आहेत: काम सुरू होताना 15 टक्क्यांपर्यंत, पाया पूर्ण झाल्यावर एकूण 25, भिंती उभ्या राहिल्यावर 40, आणि छप्पर चढून घरात पाणी शिरणे बंद झाले की 60. या टप्प्याला इथे 'ऑर दो', म्हणजे पाण्याबाहेर, असे म्हणतात. पुढचा टप्पा 'ऑर देअर', म्हणजे वाऱ्याबाहेर: खिडक्या-दारे बसून आतल्या आडभिंती झाल्या की एकूण 75 टक्के. आपल्याकडे वारा खेळता असणे हा घराचा गुण मानला जातो, इथे मात्र दारात पंखा बसवून आतली हवा खेचतात आणि घराला कुठे फट राहिली आहे का, ते मोजतात. मग त्याच बंद घरात हवा बदलण्यासाठी एक यंत्र रात्रंदिवस चालू ठेवतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले होते.

आमच्या खिडक्याच रखडल्या. आधी ऑगस्टमध्ये कामगारांची सुट्टी म्हणून तीन आठवडे जागेवर कोणी फिरकले नाही, आणि सप्टेंबरात मापे चुकलेल्या चौकटी आल्या. उशिराचा दंड दर दिवशी किंमतीच्या किमान तीन हजाराव्या भागाइतका असावा लागतो. 2,40,000 युरोंच्या घराला तो रोजचा 80 युरो होतो. कंत्राटदाराला या कलमाची आठवण करून देणारे पत्र ह्यांनी फारच मवाळ भाषेत लिहिले होते. मी ते फाडून पुन्हा लिहिले, आणि दहा दिवसांनी नव्या चौकटी आल्या.

आता रंगकाम तेवढे उरले आहे. ताबा घेताना बरोबर तज्ज्ञ नसेल, तर नजरेतून सुटलेले दोष कळवायला आठ दिवस मिळतात आणि तोवर शेवटचे 5 टक्के रोखून धरता येतात. त्यासाठी एका वहीत मी आतापासूनच नोंदी करत आहे. ह्यांचे लक्ष मात्र अंगणात आहे. त्यांना अंजिराचे झाड भिंतीलगत हवे आहे, पण मुळे पायाखालच्या मातीतला ओलावा शोषतात म्हणून झाड जितके उंच वाढेल तितके ते घरापासून दूर लावावे, असा इथला सल्ला आहे. गेल्या शनिवारी मी पावले मोजली. अंजीर थेट कुंपणाशी जाते.