लाकडाची ढलपी एक्सरेत दिसत नाही

अजूनही कुणी "एक्सरे नॉर्मल आहे" म्हणालं की माझं डोकं तापतं, म्हणून हे लिहितोय.

फळीच्या कडेवर रंधा मारताना लाकडाचा रेषा (तंतूंची दिशा) उलटला, लांब ढलपी उठली आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी जो गुबगुबीत भाग असतो त्यात घुसली. चिमट्याने ओढून काढली, वाहत्या पाण्याखाली हात धुतला, ड्रेसिंग करून घेतलं. जखम वरून भरलीसुद्धा. पण आत ठसठस सुरू झाली. एका ठरावीक जागी दाबलं की कळ थेट मनगटापर्यंत जायची. मग पू. अँटिबायोटिक घेतलं की सूज उतरायची, कोर्स संपला की पुन्हा तेच.

आत लाकूड राहिलंय याबद्दल मला शंकाच नव्हती. काढलेली ढलपी मी डबीत जपून ठेवली होती. तिचं आत गेलेलं टोक निमुळतं असायला हवं होतं, ते मोडलेलं होतं, तंतू पिंजारलेले. ओपीडीत ती पुढे केली तर डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "आत काही नाही." पुढच्या खेपेला डॉक्टर दुसरे, फिल्म तीच, वाक्य तेच. केसपेपरवर एकदा "बाह्य वस्तू नाही" असं लिहिलं गेलं की पुढचा प्रत्येक जण तेवढंच वाचतो, हात बघतच नाही. सोनोग्राफीची चिठ्ठी मागितली तर उत्तर मिळालं, "एक्सरे नॉर्मल असताना कशाला?"

अहो, एक्सरे नॉर्मल येणारच! धातूचा तुकडा एक्सरेत दिसतो, काचही बहुतेक वेळा दिसते. लाकूड मात्र किरण जवळपास आजूबाजूच्या मांसाइतकेच अडवतं, त्यामुळे त्यात मिसळून जातं. रोज जखमा बघणाऱ्यांना हे पेशंटने सांगावं लागतं, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

शेवटी तोंडी सांगणं सोडलं. "लाकडाने झालेली जखम, ढलपीचं टोक मोडलेलं, सोनोग्राफीची विनंती" एवढं केसपेपरवर लिहून घ्या, आणि नकार असेल तर तोही कारणासकट लिहा, असा शांतपणे आग्रह धरला. तो कागद वरिष्ठ सर्जनकडे गेला. त्यांनी डबी उघडून ढलपी बघितली आणि लगेच चिठ्ठी दिली. तुम्हीही हेच करा. ओरडून काही होत नाही, लेखी मागणी टाळणं मात्र अवघड जातं.

सोनोग्राफीत प्रोब टेकवताच पडद्यावर पांढरी रेघ दिसली, तिच्याखाली काळी सावली. मी मोठ्याने "तेच ते!" म्हणालो. तुकडा नेमका कुठे आणि किती खोल आहे, ते रेडिओलॉजिस्टना त्वचेवर पेनाने आखायला सांगा. त्यामुळे सर्जनना शोधत चिरावं लागत नाही. माझं ऑपरेशन भूल देऊन थोडक्यात आटोपलं. निघालेला तुकडा काळपट, फुगलेला होता, आणि त्यानंतर पू परत आला नाही.

ढलपी घुसली की हात पाण्यात भिजवत ठेवू नका. लाकूड फुगतं आणि काढताना तुटतं. ज्या कोनात आत गेली त्याच कोनात ओढा. बोट सुजून ताठ झालं, सरळ करताना असह्य दुखलं, बधिर वाटलं किंवा लाल रेघ हातावर चढू लागली, तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. बोटातल्या कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या) आवरणात संसर्ग पोचला तर बोट कायमचं आखडू शकतं.

आणि हो, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं सांगायचं राहिलंच. मळकी किंवा खोल जखम असेल आणि शेवटचा डोस घेऊन ५ वर्षं उलटली असतील, तर पहिल्याच दिवशी तसं सांगून तो घ्या. तारीख आठवत नसेल तर तेही सांगा.